सावलीची बाजू कोणती?

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. रोपवेने गडावर जाणारे प्रवासी इथूनच पाळण्यात बसतात. गावातली मोठी मुले आणि बाजारहाटाला जाणारी मोठी माणसे मात्र उलट दिशेने, एस.टी.ने महाडला जातात. रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा आणि वळणावळणाचा आहे. एका सहलीच्या वेळी मी सकाळच्या गाडीत डाव्या खिडकीशी बसलो, तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तिकडं नका बसू. उन्हाची बाजू आहे." तिचे बरोबर होते. संध्याकाळी परतताना मी शहाणपणाने विचार केला, की जाताना ऊन डावीकडे होते, आता गाडी उलट्या तोंडाने चालली आहे, म्हणजे ऊन उजवीकडे येणार. म्हणून मी पुन्हा डावी बाजू धरली. आणि पुन्हा भाजून निघालो!

चूक कुठे झाली, हे वर्गात विचारण्यासारखे आहे. नकाशा पाहिला तर महाड हे हिरकणीवाडीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. सकाळी दक्षिणेकडे तोंड करून जाताना पूर्व डाव्या हाताला येते. संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून येताना डाव्या हाताला पश्चिम येते. गाडी उलटी फिरली हे खरे, पण तेवढ्या वेळात सूर्यही आकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेला. दोन उलटे एकत्र आले की सुलटे होते. त्या मुलीला हे 'दिशा' या धड्यामुळे कळलेले नव्हते, रोजच्या प्रवासामुळे कळलेले होते. रोज जाणारी माणसे सकाळ-संध्याकाळ उजवीकडेच बसतात.

हाच हिशेब एकेकाळी समुद्रावर फार महागाचा होता. वातानुकूलन नव्हते त्या काळात मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर आपली खोली, म्हणजे केबिन, कोणत्या बाजूला आहे यावर दोन-अडीच आठवड्यांची झोप अवलंबून असे. लोखंडी बोटीची एक बाजू दुपारभर तापत राही, आणि त्या तापलेल्या पत्र्याच्या आत, एका गोल खिडकीच्या भरवशावर, माणसे रात्र काढत. तांबड्या समुद्रात तर अनेकजण केबिन सोडून गाद्या घेऊन डेकवर झोपायला येत.

त्या काळाची एक आठवण आपल्या रोजच्या मराठीत राहून गेली आहे, असे पुष्कळांना वाटते. 'पॉश हॉटेल', 'पॉश वस्ती' असे आपण सर्रास म्हणतो. या पॉशची कथा अशी सांगतात. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारे श्रीमंत साहेब पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन जादा पैसे मोजून घेत. डाव्या बाजूला दर्यावर्दी लोक 'पोर्ट' म्हणतात आणि उजवीला 'स्टारबोर्ड'. तेव्हा त्यांच्या तिकिटांवर 'पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची पी, ओ, एस, एच ही आद्याक्षरे छापली जात, आणि त्यावरून पॉश म्हणजे उंची, श्रीमंती असा अर्थ रूढ झाला.

कथा छान आहे, पण तिला पुरावा नाही. असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, कंपनीच्या दप्तरातही तशी नोंद मिळालेली नाही. हा शब्द आजच्या अर्थाने १९१४ च्या सुमाराला छापील इंग्रजीत दिसू लागतो. १८९० च्या एका इंग्रजी बोलीभाषेच्या कोशात तो 'छानछोकी करणारा माणूस' या अर्थाने आहे. बोटीच्या तिकिटाची व्युत्पत्ती मात्र १९३५ मध्ये लंडनच्या एका साहित्यविषयक साप्ताहिकातल्या वाचकाच्या पत्रात आली, म्हणजे शब्द रुळल्यावर वीस वर्षांनी. आद्याक्षरांवरून शब्द बनवण्याची पद्धतच मुळात विसाव्या शतकात फोफावली. त्यामुळे एखाद्या जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली, तर आधी संशय घ्यावा हे बरे.

पण व्युत्पत्ती खोटी ठरली म्हणून तिच्यातला भूगोल खोटा ठरत नाही. तो स्वतंत्रपणे तपासायला हवा, आणि ते काम पृथ्वीगोल व दोऱ्याचा तुकडा घेऊन वर्गातही करता येते.

आधी डावे-उजवे पक्के करू. बोटीचे डावे-उजवे उतारूच्या तोंडावर ठरत नाही. बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिल्यावर जे डावे तेच कायम डावे. उत्तर युरोपातल्या जुन्या नौकांना सुकाणू मागे मधोमध नसे, उजव्या कुशीला वल्ह्यासारखे बांधलेले असे. म्हणून ती बाजू सुकाणूची, स्टारबोर्ड. सुकाणू धक्क्याला घासून मोडू नये म्हणून नौका डाव्या कुशीने बंदराला लावत, म्हणून ती पोर्ट. पूर्वी डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणत. वाऱ्यात ओरडून दिलेल्या हुकुमात हे दोन शब्द सारखेच ऐकू येत, तेव्हा १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड मोडीत काढून पोर्ट हा शब्द सक्तीचा केला. रात्री डाव्या बाजूला तांबडा आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो, तो आजही.

आता वाट पाहू. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यानंतर इंग्लंडहून येणारी बोट भूमध्य समुद्रात पूर्वेकडे, तांबड्या समुद्रात दक्षिण-आग्नेयेकडे आणि एडननंतर अरबी समुद्रात पूर्व-ईशान्येकडे चालत असे. पूर्वेकडे तोंड असताना डावी बाजू उत्तरेची. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेची बाजू सावलीत. तांबड्या समुद्रात डावी बाजू अरबस्तानाकडची, पूर्वेची. तिथे तिला सकाळचे ऊन लागते, पण दुपारचे लागत नाही. सकाळचे ऊन रात्रभर निवलेल्या पत्र्यावर पडते. दुपारचे ऊन आधीच तापलेल्या पत्र्यावर आणि तापलेल्या हवेत पडते आणि ती उष्णता झोपायच्या वेळेपर्यंत आत रेंगाळते. म्हणजे येताना डावी, परत जाताना उजवी हा हिशेब बरोबर निघतो.

कुणाचा हिशेब? तर ज्याचे घर इंग्लंडात आहे त्याचा. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून बोटीत चढणाऱ्या मराठी माणसाचे 'आऊट' आणि 'होम' यांच्या बरोबर उलटे होते. त्याला जाताना उजवी बाजू आणि घरी परतताना डावी बाजू सावलीची. ती चार अक्षरे पाठ करून त्याने तिकीट काढले असते, तर जाता-येता दोन्ही वेळा तो उन्हातच बसला असता, माझ्यासारखा! नियम म्हणून जे आपल्यापर्यंत येते ते कोणत्या टोकाला उभे राहून केलेले आहे, हे नियमात लिहिलेले नसते.

शिवाय या हिशेबाला महिनाही लागतो, आणि कथा सांगणारे तो वगळतात. सूर्य आपल्या दक्षिणेला असतो हे आपण शाळेत गृहीत धरतो, पण महाडला ते वर्षभर खरे नाही. महाडचे अक्षांश सुमारे १८ अंश उत्तर. सूर्य जूनमध्ये साडेतेवीस अंशांपर्यंत उत्तरेला येतो. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य महाडकरांच्या किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक दिवस तो बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, पण मेमधला दिवस सुट्टीत का होईना, मुलांना अंगणात काठी रोवून पाहायला सांगावा. एडन सुमारे १३ अंशांवर आहे, तिथे हा काळ आणखी लांब, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत.

दोन खऱ्या प्रवासांना हा हिशेब लावून पाहू. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर तीन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. ही पी. अँड ओ.ची तेव्हाची नवी, १९२९ मध्ये सेवेत आलेली बोट. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य विषुववृत्त ओलांडून चार-एक अंश दक्षिणेला गेलेला असतो. पश्चिमेकडे चाललेल्या या बोटीच्या डाव्या कुशीला ऊन, उजवीकडे सावली. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेसाठी ते १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान' बोटीने निघाले. आता तीच वाट आणि तीच दिशा, पण सूर्य १४ अंश उत्तरेला आणि रोज थोडा दक्षिणेकडे सरकणारा. बोट चार-पाच दिवसांनी एडनच्या आसपास पोचते तोवर सूर्यही नेमका तेवढ्याच अक्षांशावर येतो. म्हणजे भर दुपारी तो डोलकाठीच्या शेंड्यावर! डाव्या-उजव्याचा प्रश्नच मिटला. गांधीजी त्याच परिषदेसाठी २९ ऑगस्टला 'राजपुताना' बोटीने निघाले. तोवर सूर्य साडेनऊ अंशांवर उतरला होता आणि पुन्हा डावी बाजू थोडी उन्हाची झाली होती.

ऑगस्टमध्ये उन्हापेक्षा मोठा प्रश्न वाऱ्याचा. अरबी समुद्रात तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. मुंबईहून एडनला जाताना बोटीचे तोंड पश्चिमेपेक्षा जरासे दक्षिणेकडे कललेले, आणि वारा व लाटा डावीकडून, समोरून तिरक्या येणाऱ्या. डाव्या बाजूची गोल खिडकी उघडली तर समुद्र आत येणार. ती बंद ठेवली तर केबिनची कोंडवाड्यासारखी अवस्था होणार. उजवी बाजू वाऱ्याच्या आडोशाची. म्हणजे हिवाळ्यात उजवी बाजू सावलीसाठी चांगली आणि पावसाळ्यात हवेसाठी. कारणे निराळी, पण उत्तर एकच. विज्ञानाच्या पेपरात बरोबर उत्तराला पूर्ण गुण देण्याआधी कारण का विचारावे, याचे हे एक उदाहरण.

हा झाला केबिनचा विषय. पण केबिन होती किती जणांना? कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींवर बहुतेक मराठी माणसे डेकचे उतारू होती. ट्रंक, वळकटी, नारळाचे पोते मांडून जागा धरायची. ज्याला आधी शिरता आले त्याला सावली, इतरांना कापडी छताखाली मिळेल ते. मुंबईहून दक्षिणेला जाताना डावीकडे किनारा, उजवीकडे उघडा समुद्र. ऊन सकाळी डावीकडे, दुपारनंतर उजवीकडे. वळकटी दिवसातून एकदा तरी उचलावी लागायचीच.

महाडच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बोटीचा प्रवास असाच किनाऱ्याकिनाऱ्याने झाला. २४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघाले. खरे तर धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारीने ही वाट जवळची होती. पण मोटारवाले अस्पृश्यांना गाडीत घेतील याची खात्री नव्हती. म्हणून लांबची, समुद्राची वाट धरली. हरिहरेश्वराशी सावित्रीच्या खाडीत शिरायचे आणि दासगावला उतरायचे, तिथून पाच मैल पायी. गाडीत उन्हाची बाजू की सावलीची, हा प्रश्न पडण्याआधी गाडीत बसू देतात का, हा प्रश्न होता.

सावित्रीच्या मुखातून आत येताना डाव्या हाताला हरिहरेश्वर आणि उजव्या हाताला बाणकोट लागते. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी १७५६ मध्ये घेतला आणि त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे नाव दिले होते. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य अगदी दक्षिणेला असतो, उगवतोही पूर्वेपेक्षा पंचवीस अंश दक्षिणेला. खाडीतून पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीच्या उजव्या कुशीला अशा वेळी सकाळभर कोवळे ऊन लागते. खाडीच्या प्रत्येक वळणावर ते थोडे पुढेमागे सरकते. थंडीच्या दिवसांत ते कुणाला नकोसेही नसते. २५ तारखेला मंडळी दासगावला उतरली, तेव्हा तिथे हजारो माणसे वाट पाहत होती. तिथून सगळे चालत महाडला गेले. परिषदेला जागा द्यायला गावातले हिंदू तयार नव्हते, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली होती. त्याच रात्री तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. महाडच्या परिसरातल्या शाळांनी हा मार्ग नकाशावर काढून मुलांकडून त्याची लांबी मोजून घ्यावी, आणि शेजारी धरमतरची वाटही काढावी. दोन रेघांमधला फरक दिसला म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातल्या एका वाक्याचा अर्थ मुलांना मैलांत कळतो.

एकेकट्याने बाजू निवडली तर त्यात त्याच्या सोयीचाच प्रश्न असतो. सगळ्यांनी एकाच वेळी एकच बाजू निवडली तर? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला, फार वाईट रीतीने मिळाले. १७ जुलै १९४७ च्या सकाळी 'रामदास' ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सुमारे सातशे माणसे बोटीवर होती. दिवस भर पावसाळ्याचे. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोट कलली, घाबरलेल्या लोकांची धावपळ झाली, गर्दी एका बाजूला लोटली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबई बंदर डोळ्यांच्या टप्प्यात असूनही बातमी पोचायला कित्येक तास गेले.

गर्दी एका बाजूला गेल्याने एवढी मोठी बोट कशी उलटेल, असे मुले विचारतात. आकडा मांडून पाहावा. सहाशे माणसे, सरासरी ५० किलो धरली तर ३० टन वजन. हे वजन मध्यापासून तीन मीटर बाजूला सरकले तर ९० टन-मीटर एवढा पिळा बोटीवर पडतो. बोट कलली की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो, पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो आणि बोटीला पुन्हा सरळ करू पाहतो. हा जोर आणि गुरुत्वमध्य यांचे नाते ठीक आहे तोवर बोट सावरते. माणसे वरच्या डेकवर दाटलेली असली तर गुरुत्वमध्य वर चढतो आणि सावरण्याची ताकद कमी होते. त्यात लाट त्याच बाजूने ढकलत असेल आणि कललेल्या काठावरून पाणी आत येत असेल, तर ते पाणीही खालच्या बाजूलाच धावते. माणसे एकदा घसरू लागली की बाजू निवडणे त्यांच्या हातात राहत नाही.

वर्गात एक पसरट ट्रे पाण्याच्या घमेल्यात तरंगत ठेवा. त्यात मधोमध चिंचोके पसरून ट्रे हलकेच झुलवा. तो सावरेल. मग तेच चिंचोके एका काठाशी लोटून पुन्हा झुलवा. शेवटी चिंचोके ट्रेला चिकटवून तोच प्रयोग करा. तेवढ्याच वजनाने, पण न घसरणाऱ्या, ट्रे कितीतरी जास्त झुलवावा लागतो हे मुलांना दिसेल. मालवाहू जहाजांवर धान्य मोकळे न ठेवता खण पाडून ते का भरतात, तेही इथेच सांगता येईल.

आता सहलीच्या बोटींवर केबिन वातानुकूलित असतात आणि बाजू निवडण्याचे कारण उलटे झाले आहे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, तेव्हा लोकांना ऊन चुकवायचे नव्हते, सूर्यास्त पाहायचा होता. मुंबईहून दुपारनंतर दक्षिणेकडे निघालेल्या बोटीवर तो उजव्या बाजूने दिसतो, गोव्याहून दुपारनंतर निघालेल्या बोटीवर डाव्या. इथे दोन्ही वेळा वेळ संध्याकाळचीच असते, म्हणून बाजू बदलते. आमच्या एस.टी.चे तसे नाही.

रेवसच्या लाँचमध्ये मात्र जुनीच पद्धत आहे. सगळे उतारू मांडव्याच्या डोंगराकडे पाहत एका बाजूला दाटले, की खलाशी येतो आणि अर्ध्या माणसांना उठवून दुसरीकडे बसवतो. उन्हात बसायला लागले म्हणून कुणी कुरकुरले, तरी तो ऐकत नाही.